तुमच्या लिखाणात शिरलेली अ‍ॅनिमे मालिका कोणती?

शाईचा थेंब

आवडत्या अ‍ॅनिमेंच्या (जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांच्या) याद्या आपण पुष्कळदा केल्या आहेत, तेव्हा यादी नकोच. मला जरा वेगळं विचारायचंय. एखादी मालिका बघून तुमच्या स्वतःच्या गोष्टीत नेमकं काय बदललं? कुठला प्रसंग खोडलात, कुठलं पात्र नव्यानं लिहायला घेतलंत, कुठे हात आखडता घेतलात?

माझं सांगते. दोन वर्षं एक दीर्घ कथा लिहितेय. नायिका नकाशे काढते आणि तिनं कागदावर रस्ता काढला की तो रस्ता खरोखर तयार होतो. कल्पना सुचली तेव्हा दोन रात्री झोप नव्हती. पण अकराव्या प्रकरणापाशी गाडी रुतली ती रुतलीच. अडचण आली की बाई रस्ता काढते आणि निघून जाते. डोंगर आला, काढ रस्ता. नदी आली, काढ रस्ता. तिला काही होणारच नाही हे मला ठाऊक होतं, मग वाचणाऱ्याला का कळणार नाही?

त्याच सुमारास 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड' पुन्हा बघायला घेतली (२००९-१०, ६४ भाग). पहिल्यांदा बघितली तेव्हा मारामाऱ्या आणि दोन भावांची माया एवढंच डोक्यात राहिलं होतं. या वेळी मी फक्त हिशेब बघत होते. काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं, हा एकच नियम. मेलेल्या आईला परत आणायला गेलेल्या एडवर्डचा डावा पाय जातो, धाकट्या अल्फॉन्सचं सगळं शरीर जातं, आणि भावाचा आत्मा चिलखतात बांधून ठेवण्यासाठी एडवर्ड उजवा हातही देतो. पुढची सगळी गोष्ट या एका देण्याघेण्यातून निघते.

(स्पॉयलर) आणि शेवटी भावाला परत आणण्यासाठी एडवर्ड स्वतःची अल्केमीच देऊन टाकतो. ज्या विद्येपायी हे सगळं झालं तीच. मूळ चित्रकथा लिहिणाऱ्या हिरोमु अराकावांनी शेवट बाहेरून आणलेला नाही, पहिल्याच दिवशी उघडलेल्या खात्यातून तो फेडलाय. ते बघून मी माझी वही उघडली आणि लिहिलं: प्रत्येक नवा रस्ता काढला की तिच्या ओळखीचा एक जुना रस्ता ती विसरते.

गोष्ट पुन्हा चालायला लागली. आता तुम्ही सांगा. मोठा स्पॉयलर असेल तर आधी तसं लिहा, म्हणजे ज्यांनी बघितलं नाही त्यांचा विरस होणार नाही.

कच्चा खर्डा

रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो. तुमची नकाशावाली कल्पना फार आवडली.

उत्तररात्र

माझी मालिका 'मॉन्स्टर'. नाओकी उरासावांच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) मॅडहाउसनं २००४-०५ मध्ये केलेली, ७४ भागांची. डॉक्टर तेन्मा शहराच्या महापौराला सोडून आधी आलेल्या लहान मुलाच्या डोक्याची शस्त्रक्रिया करतो, त्याला वाचवतो, आणि नऊ वर्षांनी त्याला कळतं की आपण एका खुन्याला वाचवलंय.

मी गुन्हेकथा लिहितो. माझे खलनायक फार बोलायचे. आपण किती हुशार, किती निर्दय, हे ते स्वतःच पानपानभर सांगत. योहान, म्हणजे तोच वाचवलेला मुलगा, या मालिकेत पडद्यावर फार थोडा वेळ असतो. तो आपल्याला भेटतो तो दुसऱ्यांच्या बोलण्यातून. कुणी त्याला लहानपणी पाहिलेलं असतं, कुणी त्याच्याशी दोन वाक्यं बोललेलं असतं, आणि त्या दोन वाक्यांनी त्या माणसाचं काय झालं ते आपण बघत असतो. भिंतीवरची ओल बघून नळ कुठे फुटलाय ते ओळखावं, तसं.

मग मी काय केलं, तर माझ्या कथेतले खलनायकाचे सगळे प्रसंग काढून टाकले. एकूण नऊ होते. त्यांतला एकच ठेवला, शेवटचा. बाकीचे आठ त्याला भेटून आलेल्या माणसांच्या दृष्टीनं पुन्हा लिहिले. एक लॉजवाला, एक शिकवणीची बाई, त्याचा जुना शेजारी. यांतला शेजारी लिहिताना मला पहिल्यांदा त्या खलनायकाची भीती वाटली.

दुसरी गोष्ट छोटी आहे, पण मी अजून वापरतो. त्यातला लुंगे नावाचा पोलीस अधिकारी समोरचा बोलत असताना हवेत बोटं हलवतो, जणू संगणकावर टाइप करतोय, कारण ऐकलेलं सगळं तो डोक्यात साठवत असतो. त्या एका लकबीवरून हा माणूस कामापुढे घरदार बघणार नाही हे समजतं, आणि पुढे तसंच होतं. 'तो अतिशय काटेकोर होता' हे वाक्य मी त्यानंतर कधी लिहिलेलं नाही.

खिडकी

वाचतेय. उत्तररात्र, तो शेजारी इथे टाका ना कधी.

कच्चा खर्डा

आलो.

शाईचा थेंब यांच्या 'किंमत' या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, पण मला ते शिकवलं 'हंटर × हंटर'नं, २०११ पासूनची १४८ भागांची आवृत्ती. योशिहिरो तोगाशींची 'नेन' ही अंगातली ऊर्जा वापरायची पद्धत मी वहीत आकृत्या काढून समजून घेतलीय. त्यातला सर्वांत कामाचा भाग म्हणजे स्वतःवर घातलेली अट. तुम्ही स्वतःला जितकं जखडून घ्याल तितकी तुमची शक्ती वाढते. कुरापिकाचं कुळ ज्या टोळीनं संपवलं, त्या टोळीच्या माणसांवरच तो आपली नेनची साखळी वापरू शकतो. दुसऱ्या कुणावर वापरली तर त्याच्याच हृदयात बसवलेलं पातं त्याला मारेल, अशी अट तो स्वतः घालून घेतो.

आता हे लेखकाच्या नजरेतून बघा. एका अटीत तीन गोष्टी उरकल्यात. शक्ती एवढी प्रचंड का, याचं उत्तर मिळालं. तिची मर्यादा कळली. आणि या मुलाच्या आयुष्यात सूडाशिवाय काही उरलेलं नाही, हे एका शब्दानंही न सांगता कळलं. नियमातून स्वभाव दिसतोय.

म्हणून शाईचा थेंब, तुम्हाला एक प्रश्न. तुमच्या नायिकेनं कुठला रस्ता विसरायचा हे कोण ठरवतं? ती ठरवत असेल तर ती एक गोष्ट होते, आपोआप होत असेल तर अगदी दुसरी. हे पहिल्याच प्रकरणात पक्कं करून वाचकाला सांगून टाका. नियम आधी माहीत असला की पुढे प्रत्येक वेळी तिनं पेन उचललं की वाचकाच्या पोटात गोळा येईल.

'डेथ नोट'मध्ये (३७ भाग) हे फार शिताफीनं केलंय. जिच्यात नाव लिहिलं की तो माणूस मरतो अशी एक वही त्यात आहे, आणि भागाच्या मध्यावर पडद्यावर त्या वहीचा एखादा नियम लिहून येतो. वाचकाला हप्त्याहप्त्यानं शिकवत न्यायचं, पण लपवायचं काही नाही.

पानगळ

कच्चा खर्डा, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. आणि मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे, तर जरा लांबण लावते.

'मुशिशी'. यूकी उरुशिबारांचा मांगा, हिरोशी नागाहामांचं दिग्दर्शन, २००५-०६ मध्ये २६ भाग. मुशी हे प्राणीही नाहीत आणि वनस्पतीही नाहीत, जीव या गोष्टीच्या अगदी मुळाशी असलेलं काहीतरी. गिन्को हा त्यांचा जाणकार, म्हणजे मुशिशी. तो एका जागी राहिला की मुशी त्याच्याभोवती गोळा होतात, म्हणून तो सतत चालत असतो. प्रत्येक भागात नवं गाव, नवी माणसं, नवा मुशी. खलनायक नाही. मुशी कुणाचं वाईट करायला आलेले नसतात, ते फक्त जगत असतात, आणि त्यांचं जगणं माणसाच्या जगण्यावर येऊन आदळतं.

नियम म्हणाल तर दरवेळी वेगळे, तेही अर्धेमुर्धे. गिन्कोलाच सगळं ठाऊक नसतं. त्याचे उपाय कधी लागू पडतात, कधी उशिरा पडतात, कधी माणूस बरा होतो पण ज्याच्यासाठी बरं व्हायचं ते निघून गेलेलं असतं.

लिहिणाऱ्या प्रत्येकानं त्यातला विसावा भाग बघावा. तान्यू नावाची मुलगी आहे. तिच्या घराण्यातल्या एका पूर्वजानं एक भयंकर मुशी स्वतःच्या अंगात कोंडला, आणि तो काही पिढ्यांनी एखाद्याच्या अंगावर काळा डाग होऊन येतो. तान्यूचा एक पाय तसा काळा आहे, त्या पायानं तिला चालता येत नाही. मुशिशी येऊन तिला आपापल्या हकिगती सांगतात आणि ती त्या कागदावर उतरवते. लिहिताना तिच्या अंगातला मुशी अक्षरांत उतरतो, तिला प्रचंड वेदना होतात, आणि डाग अगदी किंचित कमी होतो. आयुष्यभर लिहूनही तो पुरता जाईल याची खात्री नाही. त्यात ज्या हकिगतींनी काम होतं त्या मुशींना मारल्याच्या असतात, आणि तिला त्यांचा शीण येतो. तिला आवडतात ते गिन्कोचे किस्से, ज्यांत मुशी जिवंत राहतात.

हे सगळं एका भागात आहे, वीसेक मिनिटांत. अक्षरांत मुशी का उतरतो, याचा खुलासा जवळजवळ नाहीच. पण तुमचा विश्वास बसतो, कारण तिच्या मानेवर घाम दिसतो, कागदांच्या गुंडाळ्यांनी भरलेलं तळघर दिसतं.

शाईचा थेंब, तुझी नायिका रस्ते विसरते हे फार सुंदर आहे. कृपा करून ते कुणाच्या तोंडून समजावून सांगू नकोस.

कच्चा खर्डा

पानगळ, तो विसावा भाग मी बघितलाय आणि तुमचं म्हणणं पटतंयही. पण 'मुशिशी'चा प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. लघुकथेत न सांगता भागतं. पाचशे पानांच्या गोष्टीत वाचक नियमावर भार टाकून चालत असतो. शेवटाला नवाच नियम निघाला तर त्याला फसवल्यासारखं वाटेल.

पानगळ

नियम नसावा असं मी म्हणतच नाहीये. लेखिकेला तो पक्का माहीत हवाच. पात्राला कळण्याआधी वाचकाला सांगायचा का, एवढाच माझा प्रश्न आहे.

शाईचा थेंब

तुम्ही दोघं थांबू नका. पहिल्या प्रकरणात नायिकेची आजी तिला बसवून सगळा नियम समजावते, असा तीन पानांचा प्रसंग मी लिहिलेला आहे. तो मला स्वतःलाच खटकत होता. का, ते आता थोडं थोडं उमगतंय.

निळी पाटी

मला थांबण्याबद्दल लिहायचंय, म्हणजे गोष्टीतल्या थांबण्याबद्दल.

'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन', १९९५-९६, हिदेआकी अन्नो. बाविसाव्या भागात असुका आणि रेई या दोन मुली लिफ्टमध्ये आहेत. असुका पुढे, रेई मागे. जवळजवळ मिनिटभर चित्र जागचं हलत नाही. फक्त लिफ्टचा आवाज येत राहतो. पैसे आणि वेळ वाचवण्यासाठी स्थिर चित्र वापरणं ही टीव्ही अ‍ॅनिमेची जुनीच सवय. पण इथे त्या स्थिरतेतून दोघींमधला ताण असा वाढत जातो की पुढचं वाक्य कुणीतरी बोलावं म्हणून आपलाच जीव कासावीस होतो.

जपानीत याला 'मा' असा शब्द आहे, दोन गोष्टींमधली मोकळी जागा. हायाओ मियाझाकींनी २००२ मध्ये रॉजर ईबर्ट या समीक्षकाला ते टाळ्या वाजवून समजावलं होतं: दोन टाळ्यांच्या मधला जो वेळ, तो मा.

आता खरी अडचण. पडद्यावर चित्र थांबवता येतं, गद्यात काय करायचं? 'दोघी गप्प होत्या' हे तीन शब्द वाचायला एक सेकंदही लागत नाही. शांतता लिहिली आणि ती संपलीसुद्धा. मी कितीतरी दिवस 'बराच वेळ कुणीच बोललं नाही' असं लिहून पुढे जात होते आणि माझे प्रसंग कोरडे का वाटतात हे कळत नव्हतं. मग तो लिफ्टचा प्रसंग आवाज ऐकत चार-पाच वेळा बघितला. शांतता आहे म्हणून तर लिफ्टची घरघर ऐकू येते. म्हणजे वाचकाला शांततेत थांबवून ठेवायचं तर त्याला तिथे ऐकायला, बघायला काहीतरी द्यायला हवं.

माझ्या कथेत दोन बहिणी वडिलांचं मृत्युपत्र वाचून झाल्यावर समोरासमोर बसल्या आहेत. आधी होतं: 'बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत.' आता आहे: 'पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं. दर फेऱ्याला ते टक् करून वाजत होतं. मोठीनं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा त्याच दुमडीवर घातली.' एवढंच. त्यानंतर धाकटी जे बोलते ते वाक्य मी बदललेलंही नाही, पण आता ते लागतं.

खिडकी

निळी पाटी, पंखा! वाचनखूण साठवली.

माझं थोडक्यात. 'कीप युअर हँड्स ऑफ एइझोउकेन!', २०२०, मासाआकी युआसा, १२ भाग. तीन मुली मिळून अ‍ॅनिमे बनवतात. असाकुसाला जगं रचायचा नाद, मिझुसाकीला हालचालींचा. माणूस उठतो कसा, धावतो कसा, हेच ती दिवसभर बघत असते. आणि कानामोरीला चित्र काढता येत नाही, ती तारखा आणि पैसे सांभाळते. त्या आपल्याच चित्रात शिरतात तेव्हा यंत्रांचे, वाऱ्याचे आवाज तोंडानं काढलेले असतात, लहान मुलं खेळताना काढतात तसे. ते ऐकून मला रडू आलं होतं. लिहायला लागले तेव्हा मी तशी होते.

कानामोरीकडून मात्र पक्कं एक घेतलं. असाकुसाचं जग कधीच पूर्ण होत नाही, तिला अजून एक पूल, अजून एक बोगदा हवाच असतो. कानामोरी विचारते, यातलं काय दाखवायचंय? माझ्याकडे एका काल्पनिक बेटाच्या तीन वह्या होत्या आणि गोष्ट एकही नव्हती. आता एक गोष्ट आहे, चाळीस पानांची, आणि वह्यांतलं दहा टक्केही तिच्यात आलेलं नाही.

पाऊलवाट

मी इथे नवा आहे. दोन गोष्टी लिहितो.

पहिली जरा जड आहे. मी सोळाव्या वर्षापासून लिहितो आणि पहिली चार वर्षं मी जपानी शाळेच्या गोष्टी लिहिल्या. शाळेची गच्ची, खिडकीशेजारचा बाक, उडणाऱ्या गुलाबी पाकळ्या, शेवटच्या वर्षाचा निरोप समारंभ. यातलं काहीही मी जगलेलो नव्हतो. वाक्यंसुद्धा सबटायटल्ससारखी झाली होती, माणसं दर दोन वाक्यांनी 'मी कधीच हार मानणार नाही' म्हणायची. एका मैत्रिणीनं ती वाचून विचारलं, यातलं तू पाहिलेलं काय आहे? मला उत्तर देता आलं नाही. वरचे प्रतिसाद वाचून कळतंय की सगळ्यांनी सांगाडा घेतलाय, कातडं घेतलेलं नाही. मी बरोबर उलटं करत होतो.

दुसरी गोष्ट 'फ्रिएरेन'ची (पहिला हंगाम २०२३-२४, २८ भाग). मोहीम संपते तिथून ही मालिका सुरू होते. दहा वर्षांच्या प्रवासात राक्षसांच्या राजाला हरवून चौघं परत आलेत. फ्रिएरेन एल्फ आहे, हजाराहून जास्त वर्षं जगलेली, तिला ती दहा वर्षं म्हणजे काहीच नाहीत. पन्नास वर्षांनी ती परत येते तेव्हा त्या चौघांचा म्होरक्या हिमेल म्हातारा झालेला असतो आणि लवकरच तो जातो. त्याच्या अंत्यविधीत तिला रडू फुटतं, कारण या माणसाला जाणून घ्यायचा आपण प्रयत्नच केला नाही हे तिला तेव्हा समजतं. पुढे नव्या प्रवासात प्रत्येक मुक्कामावर पडद्यावर लिहून येतं: हिमेलच्या मृत्यूनंतर इतकी वर्षं. कालगणनाच त्याच्या मरणापासून सुरू झालीय.

माझे आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. मी त्यांच्यावर एक कथा लिहीत होतो आणि ती शेवटच्या दिवशी, हॉस्पिटलात संपत होती. ते बघितल्यावर तो शेवट उचलून मी पहिल्या परिच्छेदात ठेवला. कथा आता त्यांचं कपाट आवरण्यापासून सुरू होते. एकेक वस्तू हातात येते आणि हे त्यांना विचारायचं राहिलं, हे लक्षात येतं. फ्रिएरेनकडे फुलांचं शेत उगवण्याचा मंत्र आहे, तिच्या गुरूचा, फ्लामेचा आवडता, त्याचा युद्धात काडीचा उपयोग नाही. माझ्या कथेत त्या जागी आजोबांची घड्याळं दुरुस्त करायची चिमटी आहे. ती मला वापरता येत नाही. तीवरून कथेचं नावही ठरलं.

उत्तररात्र

पाऊलवाट, स्वागत. कथा पूर्ण झाली की इथे नक्की टाक. त्या चिमटीसाठी तरी मी वाचणार आहे.

कच्चा खर्डा

पाऊलवाट यांनी सांगाड्याचं म्हटलं त्यावरून आठवलं. 'फुलमेटल अल्केमिस्ट'ची २००३ची पहिली मालिका (५१ भाग) बघितली नसेल तर लिहिणाऱ्यांनी जरूर बघावी. तेव्हा मांगा पूर्ण झालेला नव्हता, म्हणून मालिका अर्ध्यातून स्वतःच्या वाटेनं गेली. नियम तोच, भाऊ तेच, पण होमुन्क्युलस (अल्केमीतून बनलेली कृत्रिम माणसं) कुठून येतात याचं उत्तर वेगळं: मेलेल्याला परत आणायच्या फसलेल्या प्रयोगांतून ते जन्मतात. म्हणजे भावांनी आईला परत आणायला जे केलं, त्याचंच फळ आईचा चेहरा घेऊन त्यांच्यासमोर उभं राहतं. एका जागी एकच उत्तर बदललं आणि सगळी गोष्ट अपराधाची झाली. एका बीजातून दोन झाडं कशी होतात हे इतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे बघायला मिळालेलं नाही.

आणि पानगळ, रात्रभर विचार केला. त्या मालिकेतही आपण नियम ऐकतो तो आधी घोषणेसारखा, पण कळतो तो एडवर्डच्या तुटलेल्या पायाजवळच. तुमचा मुद्दा मान्य.

पानगळ

आणि मला तुमचा प्रश्न मान्य. कुठला रस्ता जाणार हे कोण ठरवतं, याचं उत्तर तिच्याकडे पक्कं हवं.

शाईचा थेंब

ठरवलंय. कोणीच ठरवत नाही. जो रस्ता तिच्या पायाला सर्वांत जास्त सवयीचा, तो आधी जातो.

आजीचा तीन पानांचा प्रसंग काल काढला. आजी अजून आहे, पण ती आता फक्त नातीला कंदील घेऊन बाहेर पडताना बघते आणि 'लवकर ये' म्हणते. नियमाचा शब्दही नाही. निळी पाटी, त्या पंख्याबद्दल तुझे आभार मानते, कारण त्यानंतरच मला चौथ्या प्रकरणाचा शेवट सापडला. पहिला रस्ता काढून ती घरी परततेय. इथे तेवढाच देते:

'चौकापाशी ती थांबली. तीन गल्ल्या फुटत होत्या. कुठल्यातरी घरात कुणीतरी भांडी घासत होतं. तिनं कंदील डावीकडे धरला, मग उजवीकडे. पिशवीतला नकाशा तिनं बाहेर काढला नाही, घरी जायला तो कशाला लागणार होता? भांड्यांचा आवाज थांबला. दिवे एकेक करून मालवत गेले. मधल्या गल्लीच्या टोकाशी एक म्हातारी दार उघडं ठेवून उभी होती, आणि कुणाची वाट बघतेय कोण जाणे, असं तिच्या मनात आलं.'